भास्कराचार्य आणि तात्कालिक गती

आपल्या कळंब तालुक्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेस भरते. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा रविवार २१ मार्च ह्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेवरून ठरतो. मुसलमान बांधवांची ईद चंद्रदर्शनावर अवलंबून असते. सण निरनिराळे, पण त्या साऱ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. चंद्र अमुक क्षणी आकाशात कोठे आहे, आणि तेथून तो किती वेगाने पुढे सरकत आहे? हा प्रश्न दिसावयास सोपा, परंतु सोडवावयास मोठा अवघड. कारण चंद्राची चाल आज एक तर उद्या दुसरी असते, इतकेच नव्हे, तर सकाळी एक आणि सायंकाळी दुसरी असते. ह्या अवघड प्रश्नाचे उत्तर अधिक सूक्ष्म करून दाखविणारा एक थोर पुरुष सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या दक्षिण देशात होऊन गेला. त्या भास्कराचार्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, असे आम्ही योजिले आहे.

चरित्र सांगताना आमचा आणखी एक हेतू आहे. वरच्या वर्गांत गेल्यावर विद्यार्थ्यांस कलनशास्त्र शिकावे लागते. त्यात एक युक्ती सांगितलेली असते. एखाद्या राशीची किंमत एका ठिकाणी ठाऊक असेल आणि त्या ठिकाणी ती राशी कोणत्या वेगाने वाढते हेही ठाऊक असेल, तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणची किंमत, प्रत्यक्ष सगळा हिशेब न करता, अदमासाने काढता येते. हा विषय परकीय व रुक्ष आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही, असा अनेक मुलांचा समज असतो. भास्कराचार्यांचे चरित्र वाचल्यावर तो समज राहणार नाही, अशी आम्हांस आशा वाटते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. जुन्या ग्रंथकारांच्या जन्मकाळाविषयी आपणांस बहुधा तर्कच करीत बसावे लागते. पण आचार्यांनी आपल्या जन्माचे वर्ष आणि ग्रंथ लिहिला त्या वेळचे आपले वय ही दोन्ही स्वतःच नमूद करून ठेविली आहेत. त्यांचे गोत्र शांडिल्य. पित्याचे नाव महेश्वर. पिता हेच त्यांचे गुरू होते, आणि आपली सारी विद्या आपणांस पित्याच्या चरणांपाशी लाभली, हे आचार्यांनी मोठ्या कृतज्ञतेने सांगितले आहे. त्यांच्या घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्यांच्या पूर्वजांपैकी एक भास्करभट्ट. त्यांस भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. त्यांच्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य, अशी ही परंपरा आहे.

आचार्यांचे गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड. हे गाव आजचे कोणते, ह्याविषयी विद्वानांत फार वाद झाला आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीदर म्हणतात, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर सांगतात, तर कोणी बीडचेही नाव घेतात. कळंबहून मांजरा ओलांडली की बीड जिल्ह्याची हद्द लागते. तेव्हा आचार्य आपले शेजारी होते, असे म्हणण्याचा मोह आम्हां कळंबकरांस व्हावा, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने आयुष्यभर पुराव्यावाचून एक पाऊल टाकिले नाही, त्याच्या नावाने पुराव्यावाचून अभिमान मिरविणे उचित नव्हे. ते ह्याच दख्खनच्या मुलखातील होते, एवढे समाधान आपणांस पुरे आहे.

तो काळ राजकीय घालमेलीचा होता. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता उतरणीस लागली होती आणि पुढे देवगिरीस राज्य करणाऱ्या यादवांची चढणीस लागली होती. अशा धामधुमीत शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी आचार्यांनी आपला सिद्धांतशिरोमणी हा महान ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणित व क्षेत्रगणिताचा, बीजगणित हा अव्यक्त गणिताचा, ग्रहगणित हा ग्रहांच्या गतिस्थितीचा आणि गोलाध्याय हा खगोलाच्या स्वरूपाचा. पुढे ह्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहून आपल्या नियमांची कारणे उलगडून दाखविली. जो गणिती नियम पाठ म्हणतो पण त्याची उपपत्ती देऊ शकत नाही, त्यास विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातील संशयही फिटत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. आमच्या शाळेतील जे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्रे घोकीत बसतात, त्यांनी हे मत अवश्य ध्यानी धरावे.

लीलावती ह्या नावाविषयी एक कथा घरोघरी सांगितली जाते. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा शुभ क्षण साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेविले होते. कुतूहलाने ती त्यात वाकून पाहू लागली, तेव्हा तिच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडला व पात्राचे छिद्र बुजले. क्षण निघून गेला, विवाह राहिला, आणि दुःखी पित्याने कन्येचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथास तिचे नाव दिले. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजी ह्याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्या भाषांतराच्या द्वारे पसरली. आचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही. म्हणून ती कथा म्हणूनच ऐकावी. तथापि तीत एक मर्म आहे. क्षण चुकला तर केवढा अनर्थ होतो, ही भावना त्या काळच्या समाजात किती खोल होती, हे तीवरून दिसते. आणि तो क्षण अचूक सांगण्याचा भार ज्योतिषगणित करणाऱ्यावर होता.

आता मुख्य विषयाकडे वळू. ग्रहांचे गणित करावयाचे तर ज्या लागते. धनुष्याच्या कमानीस जशी दोरी, तशी वर्तुळाच्या कंसास ज्या. आपले प्राचीन गणिती तिच्या अर्ध्या भागासच ज्या म्हणत. वर्तुळाचा परिघ २१,६०० कलांचा धरिला म्हणजे त्याची त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते. प्रत्येक २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या, अंतरावर एक ह्याप्रमाणे पाव वर्तुळात २४ ज्या येतात, आणि त्यांचे कोष्टक पूर्वीपासून चालत आले होते. पहिली ज्या २२५, आठवी, म्हणजे ३० अंशांची, १,७१९, नववी १,९१०. एका ज्येतून तिच्या मागची ज्या वजा केली म्हणजे जो फरक उरतो त्यास खंड म्हणत, आणि ज्या खंडातून पुढे जावयाचे तो भोग्यखंड.

परंतु चंद्र काही कोष्टकातील २४ ठिकाणीच थांबत नाही! ३१ अंशांची ज्या हवी असेल तर काय करावे? जुनी साधी रीत अशी. ३० अंशांपासून पुढील २२५ कलांत ज्या १९१ ने वाढते. तर १ अंशात, म्हणजे ६० कलांत, किती वाढेल? त्रैराशिकाने सुमारे ५१. म्हणून ३१ अंशांची ज्या १,७७०. ही रीत वाईट नव्हे. परंतु तीत एक गोष्ट गृहीत धरिली आहे. त्या संपूर्ण २२५ कलांच्या टप्प्यात ज्या एकाच वेगाने वाढते, असे ती मानते. वस्तुतः तसे नसते. ज्या आरंभी भरभर वाढते, पुढे तिची वाढ मंदावते, आणि ९० अंशांपाशी ती थांबते. म्हणून टप्प्याच्या सरासरीवरून आरंभीच्या भागाचे अनुमान केले तर ते थोडे कमी पडते.

आचार्यांनी विचारिले ते हे, की सबंध टप्प्याचा भोग्यखंड न घेता ह्या क्षणाचा, ह्या ठिकाणचा भोग्यखंड घेता येईल काय? त्याचे उत्तर त्यांनी पुन्हा त्रैराशिकानेच काढिले. कंसाच्या आरंभी कोटिज्या त्रिज्येएवढी असते आणि तेथे भोग्यखंड २२५ असतो. कंस वाढत जातो तशी कोटिज्या कमी होत जाते, आणि तिच्याबरोबर खंडही कमी होत जातो. तेव्हा कोटिज्या त्रिज्येएवढी असता खंड २२५, तर इष्ट कोटिज्येस किती? उत्तर असे, की २२५ ला कोटिज्येने गुणावे व त्रिज्येने भागावे. हाच तात्कालिक भोग्यखंड. ह्यावरून नियम निघतो, की कंस थोडासा वाढला असता ज्येची वाढ म्हणजे कंसाची वाढ गुणिले कोटिज्या भागिले त्रिज्या.

आता वरचेच उदाहरण ह्या रीतीने करून पाहू. ३० अंशांची कोटिज्या २,९७७. कंसाची वाढ ६० कला. ६० गुणिले २,९७७ भागिले ३,४३८ म्हणजे जवळजवळ ५२. म्हणून ३१ अंशांची ज्या १,७१९ अधिक ५२, म्हणजे १,७७१. आजच्या साधनांनी काढिलेली खरी किंमत १,७७०.७ येते. जुन्या रीतीची चूक पाऊण कलेची, आचार्यांच्या रीतीची सुमारे पाव कलेची.

परंतु येथेच थांबून जो विद्यार्थी नवी रीत सर्वत्र चांगली असा निष्कर्ष काढील, तो फसेल. हीच रीत पूर्ण २२५ कलांच्या अंतरास लावून पाहावी. २२५ गुणिले २,९७७ भागिले ३,४३८ म्हणजे सुमारे १९५. ३० अंशांच्या ज्येत मिळविले तर १,९१४ येतात. कोष्टकातील नववी ज्या तर १,९१० आहे. चूक चार कलांची झाली! ह्याचे कारण उघड आहे. वळणाच्या रस्त्यावर चालणारा मनुष्य ज्या दिशेस तोंड करून उभा आहे, त्या दिशेने सरळ दोन पावले गेला तर रस्त्यावरच राहील. शंभर पावले गेला तर शेतात शिरेल. तात्कालिक वेग जवळच्यासाठी उत्तम, लांबच्यासाठी धोक्याचा. गणितात आजही ह्या रीतीचा सारा अर्थ एवढाच आहे.

आचार्यांचे मोठेपण आम्हांस विशेषेकरून येथे दिसते. त्यांनी नियम सांगितला आणि तो कोठे वापरावा, कोठे वापरू नये, हेही सांगितले. चंद्राची मध्यम गती दिवसास ७९० कला ३५ विकला, सूर्याची ५९ कला ८ विकला. चंद्र इतका चपळ असल्यामुळे त्याची गती क्षणोक्षणी बदलते. म्हणून त्यांनी असे ठरविले, की तिथीचा अंत जवळ आला असेल तर चंद्राची तात्कालिक गती घ्यावी. तो दूर असेल तर स्थूल गतीनेच काम करावे. ह्याने किती फरक पडतो, हे समजण्यासाठी आम्ही एक कल्पित उदाहरण घेतो. तिथी संपावयास चंद्रसूर्यांचे अंतर ३६ कला वाढणे बाकी आहे. दिवसाच्या ६० घटिका. दोघांच्या गतींचा फरक मध्यम मानाने ७३१ कला धरिला तर सुमारे २.९५ घटिका लागतील. परंतु त्या वेळी चंद्र वेगात असून तो फरक प्रत्यक्षात ७९१ कला असला तर २.७३ घटिकाच लागतील. एक घटिका म्हणजे २४ मिनिटे; तेव्हा अंतर पाच मिनिटांहून अधिक पडले. बाजारहाटास पाच मिनिटे म्हणजे काही नव्हे. परंतु ग्रहणाचा स्पर्श पाहण्यासाठी शेकडो लोक आकाशाकडे डोळे लावून उभे असता पाच मिनिटांची चूक ज्योतिष्याची लाज काढावयास पुरेशी असते.

ह्याच विचाराच्या बळावर आचार्यांनी एका थोर पूर्वसूरीची चूकही दाखविली. ग्रहाची स्पष्ट गती त्याच्या मध्यम गतीबरोबर नेमकी कोठे होते, ह्याविषयी लल्लाचार्यांनी सांगितलेले ठिकाण बरोबर नाही, असे त्यांनी सिद्ध केले. जेथे मध्यम व स्पष्ट स्थानांतील अंतर सर्वांत अधिक होते, तेथेच त्या अंतराची वाढ शून्य होते, आणि म्हणून तेथेच दोन्ही गती समान होतात, असे त्यांचे म्हणणे. डोंगराच्या माथ्यावर पोहोचलेला मनुष्य त्या क्षणी चढतही नसतो व उतरतही नसतो, तसेच हे. महत्तम किंमतीपाशी वाढीचा वेग शून्य, हे तत्त्व आज कलनशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते. आचार्यांस लल्लाविषयी आदर नव्हता असे मुळीच नाही. परंतु आदर निराळा आणि प्रमाण निराळे, हे ते जाणत होते.

आता एक गोष्ट निःपक्षपातीपणे सांगितली पाहिजे. ही कल्पना आचार्यांस आकाशातून पडलेली मिळाली नव्हती. ब्रह्मगुप्तांनी ६६५ मध्ये, खंड समान नसतात हे लक्षात घेऊन, मधल्या किंमती काढण्याची अधिक सूक्ष्म रीत खंडखाद्यकात दिली होती. आचार्यांनी ती आपल्या ग्रंथात घेतली. मुंजालाचार्यांनी शके ८५४ च्या, म्हणजे इसवी सन ९३२ च्या, सुमारास लघुमानसात ग्रहाच्या गतीसाठी कोटिज्येचा उपयोग केला होता. आचार्यांनी त्या बीजास उपपत्तीचे पाणी घातले. तसेच, सगळे कलनशास्त्र आचार्यांनीच शोधून काढिले, हे म्हणणेही अतिशयोक्तीचे आहे. त्यांचा नियम ज्येपुरता व ग्रहगतीपुरता होता. कोणत्याही राशीस लागू पडेल अशी सर्वसामान्य पद्धती त्यांनी बांधिली नाही. केरळात संगमग्रामच्या माधवांनी व त्यांच्या शिष्यपरंपरेने चौदाव्या शतकापासून पुढे ज्येच्या अनंत श्रेढी शोधिल्या, आणि युरोपात सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निझ ह्यांनी सर्वसामान्य पद्धती उभारिली. भास्कराचार्य त्या दोघांच्या पाचशे वर्षे आधी त्या वाटेवर होते, एवढेच खरे, आणि एवढे खरे असणेच पुरेसे मोठे आहे.

हा मान त्यांस अर्वाचीन काळी मिळवून देणारा पुरुषही महाराष्ट्रीयच होता. पुण्यास १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री हे नागपुरास शिकून पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले. त्यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीत कलनशास्त्राचे तत्त्व आहे, असे प्रतिपादन केले. १८६० मध्ये स्पॉटिसवूड ह्या इंग्रज गणितज्ञाने त्याची चिकित्सा केली. साम्य लक्षणीय आहे हे त्याने मान्य केले, परंतु अतिसूक्ष्म राशींची स्पष्ट कल्पना तेथे दिसत नाही, अशी शंकाही घेतली. दोघांनीही आचार्यांचे गणित पुढे ठेवूनच वाद केला. ज्ञानाच्या क्षेत्रात मतभेद कसा असावा, ह्याचा हा नमुनाच आहे.

स्थूल काय आणि सूक्ष्म काय हा विवेक आचार्यांच्या साऱ्या ग्रंथांत आढळतो. वर्तुळाचा परिघ काढण्यासाठी लीलावतीत त्यांनी दोन गुणोत्तरे दिली आहेत. ३,९२७ भागिले १,२५० हे सूक्ष्म, आणि २२ भागिले ७ हे व्यवहारास पुरणारे स्थूल. दोन्ही दिली आणि कोणते कशासाठी, हे सांगितले. गोलाचे घनफळ काढताना त्यांनी गोलाचे, केंद्राशी टोक असलेल्या असंख्य सुयांसारखे तुकडे कल्पून त्यांची बेरीज केली. जेथे अदमास चालत नाही तेथे ते तितकेच कठोर होते. एका पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता बेरीज पूर्ण वर्ग व्हावी, असा पूर्णांक त्यांनी चक्रवाल रीतीने काढून दाखविला. तो २२,६१,५३,९८० आहे, आणि त्याहून लहान दुसरा नाही! हाच प्रश्न १६५७ मध्ये फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाने आपल्या समकालीनांस आव्हान म्हणून घातला होता.

आमच्या खालच्या वर्गांतील मुलांनी निराश होऊ नये. ज्या व कोटिज्या अद्याप शिकविल्या नसल्या, तरी ही युक्ती त्यांस चौरस शेतावर करून पाहता येईल. १० काठ्या लांबीच्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस काठ्या. १०२ चौरस काठ्यांचे चौरस शेत हवे, तर बाजू किती? बाजू थोडी वाढविली म्हणजे शेताच्या दोन बाजूंस १० काठ्या लांबीच्या दोन अरुंद पट्ट्या वाढतात, आणि कोपऱ्यात एक इवलासा चौरस. कोपरा सोडून द्यावा. दोन पट्ट्यांची मिळून लांबी २०. क्षेत्र वाढवावयाचे २. म्हणून रुंदी २ भागिले २०, म्हणजे ०.१. बाजू १०.१. ताळा पाहावा. १०.१ चा वर्ग १०२.०१. चूक केवळ सोडून दिलेल्या कोपऱ्याएवढी. आता ह्याच रीतीने १३० चे वर्गमूळ काढावे. ३० भागिले २० म्हणजे १.५, बाजू ११.५, तिचा वर्ग १३२.२५. कोपरा आता इवलासा राहिला नाही! परंतु १० ऐवजी जवळच्या ११ पासून निघाले, तर १२१ वर ९ वाढवावयाचे. ९ भागिले २२ म्हणजे सुमारे ०.४१, ११.४१ चा वर्ग १३०.१९. पाहा, आरंभाचे ठिकाण जवळचे निवडिले की चूक कशी आकसते. पालकांनीही एखाद्या सायंकाळी मुलांबरोबर पाटी घेऊन हा खेळ खेळून पाहावा.

शके ११०५, म्हणजे इसवी सन ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी आचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचिला. सिद्धांतशिरोमणीसारखा थोर ग्रंथ लिहिणाऱ्या ह्या वृद्ध पंडिताने, गावोगावच्या पंचांग करणाऱ्यांस सोपे पडावे म्हणून, सुलभ रीतींचे एक लहान पुस्तक लिहावे, ह्यात त्यांचे हृदय दिसते. सूक्ष्म जाणणाऱ्यानेच स्थूल सांगावे. कारण कोठवर स्थूल चालेल, हे त्यासच कळते.

त्यांच्यामागे त्यांची विद्या मात्र मोठ्या कसोटीस लागली. त्या काळी छापखाने नव्हते. शिकणारा शिष्य व नकलणारा हात नसेल तर ग्रंथ एका पिढीत नाहीसा व्हावयाचा. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांस यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे एक मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव ह्या मांडलिकाने शके ११२८ मध्ये, म्हणजे सुमारे १२०७ मध्ये, त्यास दान दिले. तो शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणच्या परिसरात सापडला व डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणिला. लेख संस्कृतात आहे, पण त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात खपणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठास दिल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे पाटणच्या पेठेत माल घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या पैशावर भास्कराचार्यांचे गणित जिवंत राहिले! आणि दानाची वेळ कोणती? श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाची. चंद्राची गती सूक्ष्म करण्यात ज्याने आयुष्य वेचिले, त्याच्या विद्येस ग्रहणाच्या क्षणी आश्रय मिळाला, हा योग आम्हांस मोठा मनोहर वाटतो.

पुढे लीलावतीची कीर्ती दूरवर गेली. फैजीचे फारसी भाषांतर वर आलेच आहे. मुंबईस जॉन टेलर ह्यांनी १८१६ मध्ये आणि कोलब्रुक ह्यांनी १८१७ मध्ये तिची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. आपल्या मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्र ह्या ग्रंथात आचार्यांच्या कार्याचे साक्षेपाने विवेचन केले. स्वतंत्र भारताने १९७९ व १९८१ मध्ये अंतराळात सोडिलेल्या दोन उपग्रहांस भास्कर हे नाव दिले. त्याच नावाचे एक प्राचीन गणिती सातव्या शतकात होऊन गेले, त्यांचाही मान त्यात आहे.

ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? मनुष्याचे बहुतेक ज्ञान अदमासाचे असते. शेतकरी ढगाकडे पाहून पावसाचा अदमास करितो, वैद्य नाडी पाहून तापाचा, आई मुलाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनाचा. अदमास करणे हा दोष नव्हे. आपण कोठे उभे आहो हे नीट ठाऊक असावे, तेथून वारा कोणीकडे वाहतो हे पाहावे, थोडेच पुढचे बोलावे, आणि आपला अदमास किती अंतरापर्यंत खरा धरावयाचा हे आधीच सांगून टाकावे, हा आचार्यांचा धडा आहे. एका घटकचाचणीत गुण कमी पडले म्हणून आपले पुढील सारे आयुष्य तसेच जाईल, असे कित्येक मुले मानितात, आणि कधी कधी त्यांचे पालकही मानितात. एका क्षणाच्या गतीवरून शंभर पावलांपुढचे भाकीत करण्याची हीच ती चूक होय. चंद्राची चाल प्रत्येक क्षणी बदलते. मग मनुष्याची का बदलू नये? परमेश्वराने आकाशातील ज्योतींस नियम घालून दिले आणि ते शोधण्याची बुद्धी मनुष्यास दिली. त्या बुद्धीचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, हे ज्यांस शिकावयाचे असेल, त्यांनी भास्कराचार्यांच्या चरित्राचे मनन करावे, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितो.